आधी उघडलेलं पान

घाटनांदूरला आमचं किराणा दुकान पुढं आणि घर मागं. राऊटर दुकानातल्या फळीवर. मागच्या खोलीपर्यंत त्याचं वायफाय पोचायचं नाही आणि मोबाइलला तिथं रेंजच नसायची. खुब्याचं हाड मोडून आईनं त्या खोलीत खाट धरली, तेव्हा मी मधल्या पडवीत रिपीटर लावून दिला. दुकानातलं वायफाय पकडून तो आईच्या खाटेपर्यंत पोचवायचा. घरातला पहिला पदवीधर म्हणून असली कामं माझ्याकडं यायची, आणि मला ती आवडायची.

ती पदवी मला मावशीमुळं मिळाली. आईची ही धाकटी बहीण अंबाजोगाईला राहायची. तिच्याकडं दोन म्हशी होत्या आणि दोनच खोल्या. त्यातली एक तिनं तीन वर्षं मला अभ्यासाला दिली. परीक्षेच्या दिवसांत धार काढताना ती म्हशीशीसुद्धा हळू बोलायची. निकाल लागला तेव्हा तिनं एसटीच्या कंडक्टरजवळ पेढ्यांचा पुडा दिला. "माझ्या आक्काच्या दुकानात द्या. पोरगं पास झालं म्हणावं." निरोप दिवस मावळायच्या आत पोचला होता.

आई खाटेवर होती त्याच उन्हाळ्यात मावशीला अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखल केलं. ती काही परत यायची नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. आईला एकदा तिला बघायचं होतं. मावसभाऊ म्हणाला, "चार वाजता धा मिनिटं आत सोडतात. तवा व्हिडिओ कॉल लावतो."

आई दुपारपासून तयार होती. वेणी घालून घेतली, कपाळाला विभूती लावली. "न्हाई तर म्हणंल, आक्कानं खाट धरली आन् देवबी सोडला."

साडेतीनला मी नेट तपासलं. चित्र अडकत होतं. आमचा पासवर्ड अर्ध्या गल्लीला माहीत होता, म्हणून मी तो बदलायला घेतला. दुकानातून दादा ओरडला, "चालू हाय ते चालू दे बे! शिक्षण उद्या दाखव."

खाटेच्या कडेला बसून, रिपीटरवरूनच, मी फोनच्या ब्राउझरमध्ये सेटिंगचा पत्ता टाकला. आधी रिपीटरचं स्वतःचं पान उघडलं. मला राऊटरचं हवं होतं. वैतागून ते बंद केलं, दुसरा पत्ता टाकला, तेव्हा राऊटरच्या सेटिंग दिसल्या. चौदा फोन जोडलेले होते. नवा पासवर्ड टाकून मी सेव्ह केलं.

रिपीटरचा हिरवा दिवा लाल झाला. त्याच्याकडं जुनाच पासवर्ड होता. मी रिपीटर काढून पुन्हा लावला, तीनदा लावला. लालच. तेवढ्यात चार वाजले. मी फोन घेऊन दुकानात पळालो, तिथं नवा पासवर्ड टाकला आणि लगेच कॉल आला.

मावशीच्या नाकाला नळी होती. तिनं मला पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं.

"आक्का कुठाय?"

"आलीच, मावशी."

फोन वजनकाट्याला टेकवून मी दादाला घेऊन मागं धावलो. मावशीला तिकडं आमच्या फळीवरचे डबे तेवढे दिसत असतील. आईला आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत उतरवलं. हात लावला की ती कळवळायची. "हळू रे," म्हणायची, आणि लगेच, "बिगी चला." उंबऱ्यावर खुर्ची अडली, पुन्हा टेकवावी लागली. दुकानात पोचलो तेव्हा वेळ संपून मावसभावाला बाहेर काढलं होतं. पोत्यांच्या मधे खुर्चीवर बसून आईनं तो काळा फोन दोन्ही हातांत धरून ठेवला.

पहाटे मावशी गेली.

पुढं काही दिवसांनी रिपीटरच्या खोक्यातला कागद वाचला. नवा पासवर्ड मी बंद केलेल्या त्या पहिल्या पानावरच टाकायचा होता. दोन मिनिटांचं काम. मी आईजवळ बसून ते तिला सांगितलं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे.

"ती काय म्हनली हुती?" तिनं विचारलं.

"आक्का कुठाय म्हणाली."

"मग तू?"

"आलीच म्हणालो."

आई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "खोटं न्हाई बोललास. निघालते की मी."