गाडीचं ऑइल आणि माझा सिद्धान्त

आमची पहिली गाडी मी बेचाळिसाव्या वर्षी घेतली. जुनीच, चांदीच्या रंगाची, पेट्रोलवर चालणारी. बँकेतल्या एका साहेबांची बदली झाली, म्हणून त्यांनी ती विकली. मी राहतो रिसोडला, शाळा शिरपूर जैनला. तिथे मी विज्ञान शिकवतो. इतकी वर्षं मोटारसायकलवर धूळ खात गेलो-आलो होतो, त्यामुळे गाडी दारात उभी राहिली तेव्हा शेजाऱ्यांपेक्षा मीच तिच्याभोवती जास्त फेऱ्या मारल्या.

गाडीसोबत एक पुस्तिका मिळाली. अशी पुस्तिका कोणी वाचत नाही. मी रविवारची दुपार खर्चून ती पेन्सिलीने खुणा करत वाचली. इंजिनाचं ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलावं, असं तीत लिहिलं होतं. रिसोडच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मी गाडी घेतल्या घेतल्या नवं ऑइल भरून दिलं आणि सांगितलं, "पाच हजारले बदलत जा सर. लय झालं तं सात. आपल्याकडं धूळ किती हाय, पाहून राह्यले न?" मग मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. परदेशातला एक टोपीवाला माणूस हसत हसत सांगत होता, की आजकालचं ऑइल तीस हजारही सहज जातं.

पाच, दहा आणि तीस. वर्गात एकाच गणिताची तीन उत्तरं आली असती, तर मी मुलांना गणित पुन्हा सोडवायला लावलं असतं. इथे मात्र मी तिन्हींची सरासरी काढली. पंधरा आली. हे मी मिस्त्रींना सांगायला गेलो. जाताना घट्टपणा, तापमान, रेणू वगैरे मुद्दे कागदावर लिहून नेले होते. मिस्त्री एका गाडीखाली आडवे झाले होते. माझं सगळं होईपर्यंत त्यांनी तिथूनच ऐकलं, मग बाहेर येऊन चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "तुमची गाडी, तुमची मर्जी." तिसऱ्या रेणूपर्यंत ते निरुत्तर झाले, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

मी एक वही केली. दर रविवारी सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडायचं, तेल बघायची पट्टी ओढायची, पांढऱ्या हातरुमालाला पुसायची आणि रंग लिहायचा. पिवळा, मधासारखा, तांबूस, गडद. सात हजारांच्या सुमारास रंग काळपट झाला. बायको मागे उभी होती. गाडी तीही चालवते आणि माझ्यापेक्षा बरी चालवते. तिचं माहेर केनवडचं. दोन-तीन आठवड्यांनी ती गाडी घेऊन आईला भेटून यायची.

ती म्हणाली, "काळं दिसून राह्यलं. बदलून टाका न."

मी वही घेऊन तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. ती भाकरी थापत होती. मी ओट्याच्या कडेला उभं राहून आलेख काढला, वाटीत मध आणि पाणी घेऊन घट्टपणा म्हणजे काय ते दाखवलं, आणि रंगावरून ऑइल ठरवणं ही कशी अडाण्यांची पद्धत आहे ते समजावलं. दर रविवारी मी स्वतः रंगच लिहीत होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "बरं." मी वहीत लिहिलं, 'घरच्यांना पटले.'

दोन रविवारांनी एक चमत्कार झाला. पट्टी ओढली, तर ऑइल पुन्हा मधासारखं. मी रुमाल उन्हात धरून पाहिला. मग आत जाऊन खाली बसलो आणि लिहिलं, 'निरीक्षण: इंजिनाच्या उष्णतेने अशुद्धी जळून तेल स्वतःला शुद्ध करते काय?' पुढे प्रश्नचिन्ह होतं. बाराव्या हजारात, उन्हाळ्यात, तसंच पुन्हा घडलं तेव्हा मी ते प्रश्नचिन्ह खोडून टाकलं.

त्यानंतर मला आवरणं अवघड झालं. पंधरा हजार झाले, ऑइल चांगलंच दिसत होतं, म्हणून मी मर्यादा वीस हजारांवर नेली. मळका रुमाल घडी करून शाळेत न्यायचो आणि शिक्षकांच्या खोलीत डबे उघडायच्या आत तो टेबलावर पसरायचो. इंग्रजीच्या बाई म्हणायच्या, "सर, जेवू द्या न." मनापासून ऐकणारे एकच होते, आमचे इतिहासाचे सर. साधा, सरळ माणूस. माझ्यानंतर सहा महिन्यांनी त्यांनीही तशीच गाडी घेतली होती. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं आणि तसं ते मोकळेपणी सांगायचे. त्यांनी माझा पहिला, पंधराचा आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला. त्यांच्या मेकॅनिकने ऑइल बदलायचं नाव काढलं, की ते सांगायचे, आमचे विज्ञानाचे सर पंधरा म्हणतात. हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर खूश होतो. दर आठवड्याला पट्टी ओढून तेलाची पातळी बघायची, हे त्यांना सांगायचं मात्र राहिलं. मला ते इतकं सवयीचं झालं होतं, की सगळेच करत असतील असं मी धरून चाललो.

दिवाळीनंतरच्या थंडीतला रविवार होता. अकराच्या सुमारास इतिहासाच्या सरांचा फोन आला. ते पत्नीला घेऊन मेहकरला भाचीच्या साखरपुड्याला निघाले होते.

"सर, समोर लाल दिवा लागला. झारीचं चित्र हाय. थांबू का?"

झारीचं चित्र म्हणजे ऑइल, हे मला पुस्तिकेतून पाठ होतं. तो दिवा लागला तर इंजिन ताबडतोब बंद करावं, हेही तिथेच लिहिलेलं होतं आणि मी त्याखाली रेघ मारली होती. पण तो दिवा खरा मानला, तर माझा पंधराचा आकडा खोटा ठरत होता.

मी म्हणालो, "कायले थांबता सर? थंडीचं सेन्सर असं करते. जा आरामात."

दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. "सर, आतून खडखड आवाज आला अन् गाडी बंद पडली. आता चालूच होऊन नाई राह्यली."

बायकोने माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता चपला घातल्या. गाडी तिनेच काढली. वाटेत विचारलं, "कुठं उभे हायेत?"

"केनवडच्या पुढं."

तिने गाडी कडेला घेतली, मोबाइल काढला आणि कोणाला तरी फोन लावला. "भाऊ, मी बोलून राह्यली. मेहकरच्या रोडवर एक गाडी बंद पडली. जरा येतं का लवकर?"

"हा कोण?" मी विचारलं.

"गावातला मेकॅनिक. आमच्या भावाच्या वर्गात होता."

"तुझ्याकडं त्याचा नंबर कसा?"

"माहेर हाय माझं तिथं," ती म्हणाली आणि गाडी पुढे घेतली.

इतिहासाचे सर नव्या कुर्त्यात गाडीला टेकून उभे होते. त्यांच्या पत्नी लिंबाखाली साखरपुड्याचं ताट मांडीवर धरून बसल्या होत्या, वर रुमाल झाकलेला. मेहकरहून नातेवाइकांची गाडी त्यांना न्यायला आली. सर म्हणाले, "तू हो पुढं, मी मागून येतो." गाडीत बसण्याआधी त्या माझ्याजवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, ह्याईचा तुमच्यावर लय विश्वास हाय." एवढंच. आवाजात राग नव्हता.

मेकॅनिक मोटारसायकलवर आला. पस्तिशीचा, अंगाने किरकोळ. मला नमस्कार करून "काय भाऊजी" म्हणाला आणि थेट बॉनेट उघडलं. पट्टी ओढली. ती जवळजवळ कोरडी होती, फक्त टोकाला डांबरासारखं काहीतरी चिकटलं होतं. झाकण उघडलं तर आतही तेच. त्याने बोटाने ते खरवडून पाहिलं.

"बदलून किती झाले?"

"चौदा हजार," इतिहासाचे सर म्हणाले.

"चौदा? असं कोण सांगतलं तुमाले?"

सर रस्त्याकडे बघू लागले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी "मी सांगितलं" म्हणालो, आणि तिथे थांबलो असतो तर थोडी तरी लाज राहिली असती. पण मी पुढे म्हणालो, "सिद्धान्त चुकीचा नाही. ह्यांच्या गाडीतच काही दोष असेल. माझी गाडी पाहा. एकोणीस हजार झाले."

मी ऐटीत आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, खिशातला स्वच्छ रुमाल काढून पुसली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली. रुमालावर सोनेरी रेघ उमटली.

मेकॅनिकने रुमालाकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे. ती शेजारच्या वावरातल्या तुरीकडे बघत होती.

"ताई, भाऊजीले माहीत नाई काय?" तो म्हणाला.

"काय माहीत नाही?" मी विचारलं.

"भाऊजी, हे ऑइल मीच टाकलं. दिवाळीच्या आदी. त्याच्या आदी उन्हाळ्यात टाकलं, अन् मांगच्या हिवाळ्यात पयल्यांदा. तीन डाव झालं. फिल्टरसहित."

मी रुमाल हातात धरून उभा राहिलो. स्वतःला शुद्ध करणारं तेल, खोडलेलं प्रश्नचिन्ह, टेबलावर पसरलेले रुमाल, सगळं एकदम आठवलं. मी बायकोला काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "मंग काय करू? बदला म्हटलं तं तुमी वहीत गिराफ काढून देल्ला मले."

मेकॅनिकने पट्टी माझ्या हातातून घेऊन जागेवर घातली. मग इतिहासाचे सर हळूच म्हणाले, "म्हणजे सर, प्रयोग फक्त माझ्याच गाडीवर चालू होता."

बोलून त्यांनाच हसू आलं. मेकॅनिक हसला, बायकोही तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसायचं होतं, पण त्या चिकट पट्टीकडे नजर गेली आणि जमलं नाही. मी सरांना म्हणालो, "दिवा लागला तेव्हा थांबा म्हणायला पाहिजे होतं. मला माहीत होतं. तरी बोललो नाही." ते म्हणाले, "जाऊ द्या न सर." मी सरांना साखरपुड्याला मेहकरपर्यंत सोडून आलो. जाताना ते मला वऱ्हाडातल्या जुन्या लढायांबद्दल सांगत होते, जणू काही झालंच नव्हतं. बायको मेकॅनिकसोबत थांबली आणि तिने ट्रॅक्टर बोलावून ती गाडी केनवडला ओढून नेली.

केनवडहून तिला घेऊन परतताना मी विचारलं, "वर्षभर तू मला सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "पयल्या डावाले सांगनारच होती. पण तुमी वहीत लिहिलं का तेल सोताले शुद्ध करते. लय खुश होते तुमी. मले सांगवेचना." थोडं अंतर गेल्यावर तिचा आवाज बदलला. "सरांईनंही तुमचं ऐकलं, हे मले माहीत नोतं. असतं तं त्याच दिवशी बोलली असती." त्या दिवशी तिने स्वतःला दोष दिला, तो माझ्या वाट्याचा होता. पण हेही मी तिला तेव्हा म्हणालो नाही, दोन दिवसांनी म्हणालो.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत मी उभा राहून सगळं सांगितलं. सांगायचं तर पूर्ण सांगावं म्हणून वहीसुद्धा वाचून दाखवली. इंग्रजीच्या बाईंना ठसका लागला आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. मुख्याध्यापकांनी एवढंच विचारलं, की हे मी वर्गात तर शिकवलं नाही ना. मी नाही म्हणालो. खरं तर एकदा दहावीच्या वर्गात शिकवलं होतं. ते दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन दुरुस्त केलं.

इंजिन पूर्ण उघडावं लागलं. काही भाग अकोल्याहून आले, त्यात पाच आठवडे गेले. तेवढे दिवस मी रोज इतिहासाच्या सरांना त्यांच्या दारातून घेऊन शाळेत जायचो आणि परत सोडायचो. खर्चात माझा वाटा घ्या म्हणालो, तर ते नाही म्हणाले. त्यांच्या पत्नींनी आतून हो म्हटलं, आणि मला जरा बरं वाटलं. वाटेत आम्ही गाडीबद्दल बोलत नसू. मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, की त्या माणसाला शिरपूरच्या जुन्या जैन मंदिरातला एकेक खांब पाठ आहे आणि तो त्याबद्दल तासभर बोलू शकतो. विचारल्याशिवाय बोलत नाही, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. एकदा शाळा सुटल्यावर त्यांनी मला तिथे नेलं. मी एकही शंका न काढता ऐकलं. सुरुवातीला फार जड गेलं.

गाडी तयार झाल्याचा फोन मेकॅनिकने बायकोला केला. माझा नंबर त्याच्याकडे होता, तरी तिलाच केला. आम्ही तिघं केनवडला गेलो. त्याने गाडी चालू करून दाखवली. आवाज मऊ होता. इतिहासाचे सर त्याच्यासमोर उभे राहिले आणि खिशातून कागद-पेन काढून म्हणाले, "आता किती चालल्यावर बदलू?"

"इंजिन नव्यानं बसवलं, तं पयल्या डावाले हजारले आना. मंग पाच-सहा हजारले. अन् दर पंधरा दिवसाले पट्टी पाहा."

सरांनी लिहून घेतलं. मग सवयीने माझ्याकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं. माझ्याजवळ हजारच्या आकड्यावर एक शंका होती, चांगली होती. मी म्हणालो, "बरोबर सांगतो तो."

सर गाडीत बसले, आरसा नीट केला, पट्टा लावला. "तुमी पुढं व्हा सर, मी मागून येतो," ते म्हणाले. बायकोने चावी माझ्या हातात दिली. मी गाडी हळू ठेवली. वळण आलं की ते दिसेनासे व्हायचे आणि मग पुन्हा दिसायचे, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. रिसोड येईपर्यंत मी समोर कमी आणि आरशात जास्त बघत होतो.