प्रॉम्प्टरचं वाक्य

चार दिवस वरच्या मजल्यावरून खोक्यांना टेप लावल्याचा आवाज येतोय. दुबईतल्या अल कुसैसमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक नाटकाला या वरच्या शेजाऱ्यांनीच विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं. लिफ्टमध्येसुद्धा मी बोलताना अडखळलो की ते हळूच शब्द पुरवतात आणि इथल्या अरबीत 'चला' म्हणावं तसं म्हणतात, "यल्ला, पुढे."

आता ते रिटायर झाले, व्हिसाही संपतोय. कायमचं पुण्याला जाण्याआधी आम्ही दोन्ही कुटुंबं ग्रीसला जाऊन आलो. तिथल्या पडक्या नाट्यगृहात गाइड म्हणाला, खाली मधोमध कुजबुजलं तरी शेवटच्या पायरीवर ऐकू येतं. सगळ्यांनी आमच्या प्रॉम्प्टरना पुढे ढकललं. मी अगदी वर बसलो होतो.

मधोमध उभं राहूनही त्यांनी सवयीने तोंडाशी हात आडवा धरला. माझ्याकडे बघत, दर प्रयोगात मी हमखास विसरायचो ते माझं वाक्य ते कुजबुजले, "थांबा ना, एवढ्यात कुठे निघालात?"

मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. मी ते वाक्य म्हणेन म्हणून ते वाट बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "यल्ला, पुढे."

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.