बैलांच्या डोणीचा बोळा

मी वावरात होतो. बांधावरून अश्विनी घाईघाईनं येताना दिसली, पोटावर हात धरून. आमच्या खोलीत भाड्यानं राहणारी ही लातूरकडची पोर, नवरा हिंजवडीला कंपनीत. मी लांबूनच म्हटलं, "पळू नको, पोटुशी हायेस."

"आजोबा, आजी उठत नाहीत."

तरी मी तिला आधी सावलीत बसवलं, मगच घराकडं वळलो... हौसानं, माझ्या बायकोनं, तेच केलं असतं.

आमच्या घोटावड्यात बैल गेले, गोठ्याच्या खोल्या झाल्या. बैलांची पाणी प्यायची दगडी डोणी मात्र मी रोज काठोकाठ भरायचो. दारची डोणी कोरडी ठेवणारं आमचं घर नव्हं. संध्याकाळी तिच्यात आभाळ उतरायचं. वाटायचं, आत्ता सर्जा बैल येईल, पाण्याला तोंड लावील, आभाळ हलेल...

मग खालच्या आळीत झिका निघाला. आरोग्याच्या बाई सांगून गेल्या, हा ताप डासानं येतो, डास साठल्या पाण्यात वाढतो. गरवार बाईला ताप आला तर पोटातल्या बाळाचं डोकं लहान राहू शकतं. त्याच आठवड्यात अश्विनीला ताप भरला, अंगावर पुरळ उठलं.

हौसानं डोणीच्या भोकातला चिंध्यांचा बोळा उपसला. अंगणभर पाणी झालं.

"बैलं काय पितील?" मी म्हटलं.

"बैलं कुटं हायेत? तुमचं डास पित्यात."

"डोणी माझ्या बापाची हाय."

"पोरीच्या बाळाला काय झालं तर बाप येनार हाय का तुमचा?"

बोळा तिनं पदराच्या गाठीत बांधला. दर शनिवारी डोणी आतून काथ्यानं घासायची, डासाची अंडी दगडाला चिकटतात म्हणून. मी किती तरी दिवस बोललो नाही तिच्याशी. चहा मात्र येत होता.

अश्विनीच्या रक्तात झिका निघाला. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक बाळाला बाधतोच असं नाही, दर महिन्याला सोनोग्राफी करून बघत राहू. ती तपासायला गेली की हौसा डोणीच्या काठावर बसून राहायची, रिक्षा दिसेपर्यंत. या खेपेला काठावर हौसा नव्हती.

परवा अश्विनी तपासून आली आणि सवयीनं डोणीपाशीच थांबली. "आजी, डोकं बरोबर वाढतंय," म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, काठावर कुणी नाही... अजून तपासण्या व्हायच्यात, बाळ हातात यायचंय.

डोणी भरायला आता मला अडवणारं कुणी नाही. हौसाचं लुगडं खुंटीवर आहे, बोळा त्याच्या पदरात. शनिवारी मी काथ्या घेऊन दगड घासतो. कोरड्या डोणीत आभाळ उतरत नाही. पदराची गाठ मी सोडलेली नाही.