गाऱ्हाण्याला उत्तर देणारं कोणी

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्सने दुसऱ्यांदा विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हटलं, येताहेत. कोणी येत नव्हतं, कारण मी कोणाला सांगितलंच नव्हतं. पोटात गाठ निघाली होती, आणि कुडाळजवळ गावी असलेल्या आईला मी बिनदिक्कत ठोकून दिलं होतं की ऑफिसच्या कामाला दोन दिवस पुण्याला चाललेय. बाबा गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. आईची अवस्था बघून तेव्हाच ठरवलं, हिला आपल्यामुळे घोर लागता कामा नये. पुढे ती सवयच जडली. मरोळला पल्लवीबरोबर दीड वर्ष एका खोलीत राहते, पण ताप आला तरी तिच्याकडे पाठ करून झोपायचं. आणि वर रडायचं, मुंबईत आपलं कोणी नाही. आहे की नाही कमाल!

नर्सने स्पष्ट सांगितलं, बारापर्यंत सोबतीला माणूस आलं नाही तर आत नेणार नाही, पुढची तारीख घ्या. पावणेअकरा वाजले होते. फोनवर पल्लवीचं नाव तीनदा काढलं आणि तीनदा फोन बाजूला ठेवला. ती कामात असेल, वैतागेल. आणि बोलावूनही आली नाही तर? त्याची भीती मला ऑपरेशनपेक्षा जास्त वाटत होती, हे आज कबूल करते.

शेवटी देव आठवला. वर्षभरात हात जोडले नव्हते, तरी आठवला. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं आणि भोवतालच्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी पुटपुटले, “बा रवळनाथा, ह्या तुझ्या लेकरावर जा काय संकट इला हा, ता निवारण कर रे म्हाराजा.” आणि तिथेच अडकले. उत्तर द्यायला होतं कोण? स्वतःच ‘व्हय म्हाराजा’ म्हणून बघितलं, ते काही खरं वाटेना.

बाजूच्या खाटेवर मरोळ गावठाणातल्या एक ख्रिस्ती मावशी होत्या. हाताला सलाईन, उशीशी जपमाळ. मधेच का थांबलीस, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“एवढंच ना? मग मी म्हणते गो,” त्या म्हणाल्या. “आमच्या क्रुसापुढे पण एक बोलतो न् बाकीचे उत्तर देतात. एकटीने होत नाय ते.”

मी पुन्हा सुरुवात केली. मावशींनी खणखणीत उत्तर दिलं. मला इतकं रडू आलं की पुढचं मागणंच राहून गेलं. पण त्या रडण्यातच मी पल्लवीला फोन लावला.

अर्ध्या तासात ती आली, घरच्या कपड्यांत, केस ओले. आधी मला झाडलं, मला कोण समजतेस तू यार, म्हणून. मग कागदावर सही केली आणि माझाच फोन माझ्या हातात कोंबला. आईला लाव म्हणाली.

आईला सगळं सांगून टाकलं. पुण्याचं खोटं तिने काढलंच नाही. फक्त विचारलं, “भियालंस?” मी हो म्हटलं. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. मग तिने फोनवरच गाऱ्हाणं सुरू केलं. पल्लवीने फोन स्पीकरवर टाकला. मावशी उत्तर देत होत्या. पल्लवी नागपूरची, तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मावशींच्या मागोमाग तीही म्हणू लागली. मीही तोंड उघडलं, तर आईने अडवलं.

“तू गप रव. जेच्यासाठी गाराणा आसता, तेना नुसते हात जोडूचे.”

गाठ साधी निघाली, देवाची कृपा. त्या दिवशी देवाने नेमकं काय केलं ते मला सांगता येणार नाही, आणि मी त्याचा शोधही घेत नाही. मावशी, पल्लवी, आई, तिघींचं ऋण मात्र मानते. इतकी वर्षं मागणारीही मीच आणि उत्तर देणारीही मीच होते. अडचणीत कोणाला फोन करायचा तर अजून एकदा-दोनदा बाजूला ठेवते, तरी करते. त्या दिवशी आत नेताना भीती तेवढीच होती. पण मी हात जोडून गप्प पडून राहिले, आणि दार बंद होईपर्यंत मागून पल्लवीचं ‘व्हय म्हाराजा’ ऐकू येत होतं.