बोगद्यापलीकडचं पाणी

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात वडील एका रविवारी शहागंजच्या बाजारात कुलर बघायला म्हणून गेले आणि येताना व्हिडिओ गेम घेऊन आले. काळं, जड, कुणीतरी भरपूर वापरलेलं यंत्र. वायरी गुंडाळून पिशवीत कोंबलेल्या.

"कुलर कुठंय?" आईनं विचारलं.

"कुलरला पाणी लागतं," वडील म्हणाले. "ते कुठून आणायचं?"

आम्ही तेव्हा बजाजनगरला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. वडील वाळूजच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. मी नववीत जाणार होते आणि सुट्टीत करायला काही नव्हतं. गल्लीत टँकर आला की निळे ड्रम भरून घ्यायचे, उरलेला दिवस सावली शोधत काढायचा.

यंत्राबरोबर एकच सीडी मिळाली होती. खेळ जिथवर आला तो साठवून ठेवायचं कार्ड मात्र नव्हतं. दुकानदारानं वडिलांना आधीच सांगून टाकलं होतं, "कार्ड नई इसका. बंद हुआ तो फिर शुरू से खेलो." आमच्याकडे दुपारी लाइट हमखास जायची. त्यामुळं मी रोज सुरुवातीपासून खेळायचे.

सीडी कुठल्या देशाची होती, आजही मला माहीत नाही. पडद्यावरची अक्षरं अनोळखी होती. गोष्ट काय आहे, त्या माणसाला काय हवंय, काही कळायचं नाही. पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस किनाऱ्यावर जागा व्हायचा. समोर निळा समुद्र, लांब दोन-तीन बेटं, वर हळू सरकणारे ढग. शत्रू नाही, घड्याळ नाही. तो माणूस आणि मी.

रोज पहिल्यापासून खेळण्याचं एक सुख असतं, ते मला तेव्हा मिळालं. पहिल्या बेटावर एक मोडका झुलता पूल होता. मधल्या फळ्या गळालेल्या. त्यावरून उडी मारताना मी कितीतरी वेळा खाली पडले. मग एक दिवस मी दुसराच काहीतरी विचार करत खेळत होते आणि माणूस पलीकडे उभा होता. अंगठ्याला आधी जमलं, मला नंतर कळलं. त्या क्षणी अंगातून जी हलकी लहर गेली तशी परीक्षेच्या निकालानंही कधी गेली नाही. त्यानंतर मी तो पूल उगाच इकडून तिकडे, तिकडून इकडे ओलांडत बसायचे.

फक्त एक जागा मला जमत नव्हती. दुसऱ्या बेटाच्या पोटात, पाण्याखाली, एका बोगद्याचं काळं तोंड होतं. माणूस पाण्यात शिरला की कोपऱ्यात बुडबुड्यांची रांग दिसायची, तो त्याचा श्वास. मी जोरजोरात बटण दाबत आत घुसायचे आणि अर्ध्या वाटेत बुडबुडे संपायचे. पडदा पांढरा व्हायचा, माणूस पुन्हा किनाऱ्यावर जागा व्हायचा.

आई तांदूळ निवडता निवडता बघायची. एक दिवस मी माणसाला श्वास घ्यायला पाण्यावर आणत होते तेव्हा म्हणाली, "त्याला सारखं वर कशाला आणतीस? राहू दे की जरा खाली."

"श्वास संपतो त्याचा."

"दे इकडं."

तिनं खेळाचा रिमोट हातात घेतला तोच मुळी ताटासारखा, आडवा, सांडेल की काय अशा भीतीनं. माणूस आधी खडकाला धडकत राहिला, मग तोल जाऊन समुद्रात पडला. आई हसली. मग मात्र नुसती गोल गोल पोहत राहिली.

आईचं माहेर पिशोरचं. भाऊ विहिरीत पोहायचे म्हणून हीपण पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकली होती. थोडी मोठी झाल्यावर घरच्यांनी बंद केलं आणि लग्नानंतर तर प्रश्नच नव्हता. हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. त्याच आठवड्यात मामाचा फोन आला होता, विहीर आटली म्हणून. आई पडद्याकडे बघतच म्हणाली, "त्या विहिरीचा तळ मी कधी पाहिला नाय. लहानपणी लई बुड्या मारल्या, हाताला लागला नाय. आता म्हणं वरून दिसतोय."

पुढं हे रोजचंच झालं. जेवणं उरकली की आई खिडकीला जुनी साडी लावायची, खोलीत हिरवट अंधार व्हायचा आणि ती पाण्यात उतरायची. तिला कुठं पोचायचं नसायचं. एकदा तिच्या बोटांनी चुकून दोन बटणं एकदम दाबली आणि माणूस पाण्यावर उताणा पडला. पडद्यावर फक्त आभाळ आलं. ढग जात होते, कानाला लाटांचा बारीक आवाज. आम्ही दोघी फरशीवर पाठ टेकून पडलो आणि ते बघत राहिलो. मला वाटतं मी थोडी झोपलेही. जागी झाले तेव्हा लाइट गेली होती आणि आई तशीच काळ्या पडद्याकडे बघत होती.

मग एका दुपारी गल्लीत ओरडा झाला, "टँकर आला!" आई नेमकी बोगद्याच्या तोंडाशी होती.

"तू पळ, पाइप धर. मी आलेच," ती म्हणाली.

ती आली नाही. मी एकटीच पाइपशी झटत होते. शेवटी शेजारच्या काकूंनी आमचे ड्रम भरून दिले आणि जाब विचारायला ओल्या पदरानंच आमच्या घरात शिरल्या. काकूंच्या सासरचे लोक मेंढरंवाले. काका कंपनीत होते, पण काकूंचे दीर त्या वर्षी मेंढरं घेऊन जायकवाडी धरणाच्या पोटात उतरले होते, पाणी हटलं की तिथं हिरवं उगवतं म्हणून.

"अगं बाई, पाणी सोडून काय करतीस?" काकूंनी विचारलं.

"थांबा जरा, दम संपाय लागला," आई म्हणाली.

काकूंनी पडद्याकडे पाहिलं आणि त्या खाली बसल्या. पडदा पांढरा झाला तेव्हा म्हणाल्या, "परत जा."

दुसऱ्या दिवशी त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी खोलीत बसायला जागा उरली नाही. कुणी शेंगा फोडत होतं, कुणी मांडीवरचं लेकरू थोपटत होतं. टीव्हीच्या निळ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे पाण्याखालून बघितल्यासारखे दिसत होते. "तिकडं ने ना, ते चमकतंय काय बघू," कुणी म्हणायचं, आणि आई न्यायची.

त्या दिवशी आई परत बोगद्यात शिरली. मी शेजारून सांगत होते, "जोरात दाब, जोरात!"

"जोरात हात मारले की दम पुरत नाय," ती म्हणाली. तिनं बटणावरचं बोट जवळजवळ उचललंच. माणूस पाण्याबरोबर सरकत राहिला, मधूनच एक हात मारायचा. मी ज्या वळणावर रोज संपायचे ते वळण मागं पडलं. बुडबुडे कमी कमी होत होते. खोलीतला शेंगांचा आवाज थांबला. मी काकूंकडे पाहिलं तर त्यांनी ओठ घट्ट मिटून श्वास धरला होता. शेजारचीनंही. सगळ्यांनीच. माझाही श्वास कधीचा अडकला होता ते मला तेव्हा समजलं.

शेवटचा बुडबुडा लुकलुकत असताना वर उजेड दिसला. माणसाचं डोकं पाण्याबाहेर आलं.

खोलीतल्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. मग कुणाला तरी हसू फुटलं आणि सगळ्या हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मांडीवरचं लेकरू दचकून जागं झालं.

आम्ही डोंगराच्या पोटातल्या एका तळ्यात आलो होतो. वर उघडं आभाळ, आणि काठानं कमरेएवढं गवत, वाऱ्यानं एका बाजूला झुकणारं. काकू पुढं सरकल्या. "माझ्याकडं दे. मला पाण्याचं भ्याव वाटतं. मी गवतात जाते."

आईनं रिमोट त्यांच्या हातात दिला आणि कुठलं बोट कुठं ठेवायचं ते दाखवलं. काकूंनी माणसाला गवतात चालवलं. हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. गवत बाजूला व्हायचं आणि मागं पुन्हा मिटायचं. "एवढं गवत," त्या म्हणाल्या, "आन् एक जनावर नाय." त्या चालत राहिल्या. आणखी एकदा टोकाला पोचणार तेवढ्यात लाइट गेली.

मला रडू आलं. "कार्ड नाही ना! सगळं गेलं!"

"उद्या परत जाऊ की," काकू उठत म्हणाल्या, बाजाराला जायचं असल्यासारखं. बायका पदर सावरत दारातल्या उन्हाकडे वळल्या.

पहिली पाळी संपवून वडील दारात पोचले तेव्हा काही जणी अजून चपला शोधत होत्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी आईला विचारलं, "काय कार्यक्रम होता?"

"पोहायला गेलो होतो," आई म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली.

त्या उन्हाळ्यात आम्ही त्या तळ्यावर कितीदा तरी गेलो. कधी आई न्यायची, पुढं पुढं मीही. पुढच्या वर्षी यंत्र सीडी ओळखेनासं झालं. शहागंजच्या दुकानदारानं उघडून पाहिलं आणि मान हलवली. काकूंनी रांजणगावला घर बांधलं. आमच्या गल्लीतली बैठी घरं जाऊन वर मजले चढले. टँकर अजून येतो, पण आता तो इमारतीच्या टाकीत पाणी सोडून निघून जातो, कुणी ओरडत नाही.

मी नोकरीला लागल्यावर नवं यंत्र घेतलं, ते खेळ आपोआप साठवून ठेवतं. बरेच खेळ पूर्ण केले, त्यातले काही फार सुंदर होते. ती सीडी मी पुष्कळ शोधली. नावच वाचता आलं नव्हतं, त्यामुळं काय म्हणून विचारायचं तेही कळत नाही. दुकानात मी सांगते, पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस असतो, समुद्र असतो. मुलं नम्रपणे विचारतात, "मॅडम, त्यात करायचं काय असतं?" मी म्हणते, पोहायचं. ती एकमेकांकडे बघतात आणि मला दुसरंच काहीतरी दाखवायला लागतात.