किसनमामांची टोपी

आधीच सांगतो, मी रस्त्यातला उताऱ्याचा नारळ खुशाल ओलांडून जाणारा माणूस. माझं पोट भरतं ते भूमितीवर. नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी मी प्रोग्रॅम लिहितो... पोलादाच्या एका प्लेटमधून जास्तीत जास्त भाग कसे कापायचे, ते माझा कॉम्प्युटर ठरवतो. तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर हसा.

मागच्या वर्षी एका छोट्या शेडमध्ये माझ्या प्रोग्रॅमची पहिली चाचणी होती. शुगर फॅक्टरीच्या मशिनचे छत्तीस भाग हवे होते आणि प्लेट एकच. तसली दुसरी महिनाभर मिळणार नव्हती. एक भाग कमी पडला तरी ऑर्डर हातची जाणार, आणि माझी अब्रूही. सकाळपासून चारदा प्रोग्रॅम चालवला. उत्तर एकच — पस्तीस.

शेवटी मालकांनी किसनमामांना बोलावलं. मामा तिथले जुने मार्कर, म्हणजे प्लेटवर खडूने आखणी करणारे. रिटायर होऊन पाथर्डीकडे गावी असतात. शिक्षण चौथी. मी मनात म्हटलं, झालं कल्याण!

प्लेट अजून टेम्पोने यायची होती. मामांनी फरशीवर तिच्या मापाची चौकट आखली. प्लेटवर नंबर ठोकलेला असतो तो कोपरा कुठे येईल, त्याची खूण केली. मग डोक्यावरची टोपी काढून चौकटीत एका जागी ठेवली आणि भागांच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे तिच्याभोवती लावत गेले. तासाभरात छत्तीसच्या छत्तीस बसले, वर टोपीची जागा मोकळी! मी लगेच कॉम्प्युटरवर तपासलं. केसाचीही चूक नव्हती. खरं सांगतो, मी त्या माणसाला हात जोडले.

मग हाव सुटली. म्हटलं, मामा, टोपी उचला, थोडं सरकवून तिथे सदतिसावाही बसवू.

"न्हाई सायेब. तिथलं आतून बरं न्हाई."

म्हणजे काय, विचारलं तर नुसते हसले. टोपी झटकून डोक्यावर घातली आणि एसटी गाठायला निघून गेले.

दुपारी प्लेट आली. नंबरचा कोपरा जुळवून, मामांच्या आखणीप्रमाणे कापली. छत्तीस भाग स्वच्छ निघाले. टोपीच्या जागचा तुकडा मात्र कडेने पाहिला तर आत फट... भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे दोन थर वेगळे झालेले. वरून काहीच दिसत नव्हतं. माझ्या आखणीत चार भागांच्या कडा त्याच जागेवर येत होत्या.

हातोडीने ठोकून, आवाज ऐकून सांगितलं असतं तर मी मानलं असतं. पण त्यांनी ती प्लेट डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती! फोन करून विचारलं, तर म्हणाले, "मला तरी काय ठाव? टोपी तिथं ठेवावी वाटली."

माझ्या प्रोग्रॅममध्ये एखादी जागा मोकळी सोडायची तर कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. ती सक्ती मी त्याच आठवड्यात काढून टाकली. मामांची ती आखणी प्रोग्रॅममध्ये जपून ठेवली आहे. टोपीच्या जागेपुढे कारणाचा रकाना आहे... तो अजून रिकामाच आहे.