मामांचा पाहुणा डोळा

उंद्रीच्या पंचक्रोशीत आमच्या मामांइतका सरळ माणूस झाला नाही. शेजारची सुई आणली तरी दिवेलागणीच्या आत परत करायचे. आणि अशा माणसानं शेवटची पाच वर्षं परक्याचा डोळा वागवला, असं त्यांचं स्वतःचंच ठाम मत होतं.

तेव्हा मोतीबिंदू काढला की नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा यायचा. मामांना चष्म्याची भारी चीड. वांगी तोडताना तो वाफ्यात पडेल म्हणायचे. म्हणून मी त्यांना खामगावला नेऊन उजव्या डोळ्यात ते नवीन निघालेलं भिंग बसवून आणलं. हे कारखान्यात बनलेलं भिंग आहे, कुणा मेलेल्याचा डोळा नाही, असं सांगून डॉक्टरांनी भिंगाची रिकामी डबी, कारखान्याच्या शिक्क्यासकट, माझ्या हाती दिली. मामांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "डॉक्टर तं असंच सांगन बे. नाही तं मेलेल्याचे लोक डोया वापस मांगाले येतीन."

तेव्हापासून पाहुण्याला हिंडवावं तसं ते त्या डोळ्याला गाव दाखवत. डावा डोळा हातानं झाकायचा आणि, "हे पाह्य, आपली विहीर. अन् हे मोरी गाय. लाथ मारते, जपून." संध्याकाळी कंदील समोर आला की त्या बुबुळात आत काहीतरी लकाकायचं. मामी ताट सरकवून तोंड फिरवायची. पितृपक्षात आजोबांच्या पानाशेजारी मामांनी 'डोयेवाल्या'चं एक पान मांडलं, तर कावळा आधी त्याच पानावर बसला. मी हसलो खरा, पण त्या दिवशी वडा काही गोड लागला नाही.

"याले कोनाले तरी पाह्याचं हाय," मामा म्हणायचे. ही एकच काळजी त्यांना खात होती. आठवडी बाजारात ते माणसांच्या तोंडाकडे टक लावून उभे राहायचे आणि बायकांच्या शिव्या खायचे. एकदा मिरच्या विकणाऱ्या एका म्हातारीसमोर तो डोळा वाहायला लागला.

"मिरचीनं आलं पाणी," मी म्हणालो.

"मंग डावा काऊन कोरडा हाय?"

त्यांनी म्हातारीलाच विचारलं, "माय, तुमच्या घरचं कोनी गेलं काय?"

तराजू तिच्या हातात तसाच राहिला. "पोरगा गेला, भाऊ. खामगावले नेला, तं वापस नाही आला."

मग दर बाजारी मामा तिच्यापुढे घटकाभर बसायचे. डोळ्याची हकीगत त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकली होती. ती पदराला हात पुसून त्या डोळ्याकडे बघत राहायची. डबी माझ्या खिशातच असायची. तिला दाखवावी असं दर खेपेला वाटायचं, पण हात खिशाकडे जात नसे.

मामा गेले तेव्हा डावा डोळा मिटला, उजवा मिटेना. मामीनं दोनदा पापणी ओढली, दोनदा ती उघडली. जमलेली मंडळी मागे सरकली. तेवढ्यात बातमी ऐकून ती म्हातारी काठी टेकत आली, कुणाला न विचारता उशाशी बसली आणि वाकून बराच वेळ त्या डोळ्यात पाहत राहिली. "नीज आता, बाबू. माय आली तुही." तिनं पापणीवर हात ठेवला. हात काढला तेव्हा डोळा मिटलेला होता.

अंगणात तिनं मला थांबवलं. "माह्याच पोराचा होता ना, भाऊ?"

मी खिशातली डबी मुठीत घट्ट धरली. "हाव, माय. तुमच्याच पोराचा."

मामा असते तर म्हणाले असते, "तुले आत्ता समजलं काय बे?"